अकरा टाके

खुराड्याच्या दाराचा आकडा मोकळा लोंबत होता. हे तिला आधी दिसलं आणि रक्त नंतर, आणि या क्रमाची तिला पुढे बरेच दिवस लाज वाटत राहिली. जेमतेम उजाडलं होतं. घरामागच्या मोकळ्या जागेत पिसंच पिसं पडली होती, कुंपणाच्या फटीतून मातकट रंगाचं काहीतरी शेपूट ओढून घेत पसार होत होतं, आणि मधोमध आप्पा उभे होते. पाय अनवाणी, एका हातात खराटा, दुसऱ्या हाताने छातीशी धरलेली कोंबडी, बनियनवर पसरत चाललेला तांबडा डाग. कोणतीही मुलगी आधी बापाला विचारील, तुम्हाला कुठं लागलं का. ती मात्र दाराकडे बघत राहिली. जाळी कुठे फाटलेली नव्हती, फळीवर ओरखडा नव्हता, आकडा कोणी तोडलेला नव्हता; तो नुसता लावलेला नव्हता. "दार उघडंच होतं," आप्पा धापा टाकत म्हणाले, "मी आलो तेव्हा उघडंच होतं." कुणी न विचारता म्हणाले. तिच्या मनात कुणीतरी शांतपणे म्हणालं, ही तिसरी.

पहिली म्हणजे दूध. दोन महिन्यांपूर्वी दुधाचं पातेलं तिच्या दोऱ्यांच्या कपाटात सापडलं होतं, वर झाकण ठेवून, अगदी व्यवस्थित. दुसरी म्हणजे न्हावी. केस कापायला म्हणून गेलेले आप्पा तासाभराने तसेच परत आले, दुकान बंद होतं म्हणाले. संध्याकाळी न्हावी दारावरून जाताना स्वतःच म्हणाला की आज दिवसभर माशा मारत बसलो होतो. दोन्ही गोष्टींना साधी उत्तरं असू शकत होती. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाने एवढंही करू नये का. दोन्ही वेळा तिने हसण्यावारी नेलं आणि मनात मात्र जपून ठेवलं.

जपून ठेवणं हा तिचा स्वभाव की धंदा, हे सांगणं कठीण होतं. ती रफू करायची. पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल, टेबलावर भिंग, आणि गल्लीच्या तोंडावरच्या ड्रायक्लीनवाल्याकडून येणारे कोट, विजारी, कधी लोकरीची चादर. गिऱ्हाईक सांगतं एक आणि कापड सांगतं दुसरं, हे ती वीस वर्षं बघत आली होती. खिळ्याला अडकला म्हणून आलेल्या कोटाच्या भोकाच्या कडा जळालेल्या असत. कसर लागली म्हणून आलेल्या झग्यावर कात्रीचा सरळ घाव असे. ती कुणाला काही म्हणत नसे. त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागे ओढून काढायचे, भोक विणून भरायचं, वरून इस्त्री फिरवायची, की गिऱ्हाईक खूश आणि त्याच्या घरचेही. पण माणूस बोलायला लागला की हिची नजर आधी कडांकडे जायची, ती सवय काही सुटली नाही. लग्न जमलं नाही त्याला घरातल्या लोकांनी पुष्कळ कारणं दिली. तिच्या मते हे एकच कारण पुरेसं होतं.

आणि रविवारी धाकटा येणार होता. धाकटा म्हणजे तिचा भाऊ, दोन तासांच्या अंतरावर राहणारा, समजूतदार, घाईत असणारा. त्याने म्हाताऱ्या माणसांसाठी असलेली एक जागा बघून ठेवली होती. "नीटनेटकी आहे गं ताई. खोलीला उजेड आहे, नर्स असते. रविवारपर्यंत खोली धरून ठेवलीय त्यांनी. आप्पांना एकटं सोडण्यासारखं राहिलं नाही, असं तू म्हणालीस की मी होकार कळवतो. तू म्हणालीस तरच." हे तिला आवडलं नव्हतं. म्हणजे सगळं तिच्या गळ्यात. ती म्हणाली होती, आप्पा ठणठणीत आहेत, उगाच काहीतरी काढू नकोस. आणि हे म्हणताना मनात दूध, न्हावी, अशी उजळणी चालली होती. जे नाकारायचं ते इतकं नीट पाठ कशाला करायचं, असा प्रश्न तिला एकदा पडला होता. तिने तो तिथेच टाकला आणि इस्त्री तापत ठेवली.

जखमी झाली होती ती खिडकीवाली. आप्पांनी चौतीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केली होती, त्यामुळे त्यांच्या तिन्ही कोंबड्या प्रवासी होत्या. जाळीला चिकटून बसते ती खिडकीवाली, दांडीवर कधी टेकतच नाही ती उभी, आणि सगळ्यांच्या मागून धावत येते ती शेवटची. रोज संध्याकाळी अंधारून यायच्या आत आप्पा मागे जायचे. "चला, आत सरका. दार सोडा. खिडकीवाली, दार सोड म्हटलं ना." मग मोजणी, मग आकडा, आणि आकडा पडला की खुराड्याच्या पत्र्यावर बोटांनी दोनदा टक टक. डबल बेल. दार लागल्याशिवाय ती द्यायची नाही, एवढी एकच गोष्ट या नोकरीत शिकण्यासारखी आहे, बाकी सगळं आपोआप येतं, असं ते म्हणायचे. स्वयंपाकघरात तिला ती टक टक रोज ऐकू यायची.

त्या सकाळी तिने खिडकीवालीला टेबलावर घेतलं. जुन्या टॉवेलात गुंडाळून आप्पांनी तिला धरलं, डोक्यावर टॉवेलाचं टोक ओढलं, तशी ती निमूट झाली. पंखाखाली, पाठीवर, दोन बोटं लांबीचं कातडं फाटून लोंबत होतं आणि त्याच्या वरच्या अंगाला दोन भोकं होती, खोल, काळसर. तिने भोवतालची पिसं कातरली, उकळून निवलेल्या मिठाच्या पाण्याने सगळं धुतलं. मांस गुलाबी होतं, स्वच्छ होतं. भिंगाखाली धरल्यावर ते कापडासारखंच दिसायला लागलं. कडा कुठे आहेत, ताण कुठून येतोय, तेवढंच. तिने बारीक सुई काढली, रेशमी दोरा घेतला, सुई ज्योतीवर धरली.

"शिवू नकोस," आप्पा म्हणाले. "डेपोत आमच्या एका क्लीनरला कुत्रं चावलं होतं. डॉक्टरांनी टाका घातलाच नाही. उघडंच ठेवलं होतं."

"ते माणसाचं, आप्पा."

"चावणं ते चावणंच की."

"तुम्ही फक्त धरा."

त्यांनी टॉवेल घट्ट केला. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. दुधाचं पातेलं दोऱ्यांत ठेवणारा माणूस आता जखमा कशा बांधायच्या ते सांगणार, असं काहीतरी तिच्या मनात येऊन गेलं. तिने अकरा टाके घातले. भोकंही मिटवली. वरची पिसं ओढून अशी बसवली की हात लावल्याशिवाय काही कळू नये. रविवारी धाकट्याला तीन कोंबड्या दिसतील आणि तिन्ही धड दिसतील. खिडकीवालीला खोक्यात घालून तिने पुढच्या खोलीत टेबलाखाली ठेवलं, चोचीजवळ पाण्याची वाटी, वर पातळ कापड. हे आपण आप्पांसाठी करतोय, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि हे स्वतःला सांगावं लागलं हेही तिच्या लक्षात आलं.

मग तिने विचारायला सुरुवात केली. त्याच दिवशी, गुरुवारी, चहा देताना, सहज. "काल आकडा लावला होता ना, आप्पा?" "लावला होता म्हणजे काय," आप्पा म्हणाले, "डबल बेल दिली की." त्यांच्या चेहऱ्यावर शंकेचा मागमूस नव्हता आणि त्याचाच तिला संशय आला. ज्याला आठवत नाही त्याला न आठवल्याचंही आठवत नसणार. शुक्रवारी कपड्यांच्या घड्या घालताना तिने पुन्हा विषय काढला, वाऱ्याने आकडा निघत असेल का, असा आडून. "लावतोच की मी रोज," आप्पा म्हणाले. रोज लावतो आणि बुधवारी लावला यांत फरक आहे, हे तिने त्यांना दाखवून दिलं. प्रेमाने, समजावून. त्यावर ते बराच वेळ हाताच्या बोटांकडे बघत राहिले. "असं बघ, हे हातच लावतात. मी कुठं लावतो? मग मला कसं आठवणार?" त्याच दुपारी धाकट्याचा फोन आला. तिने सांगितलं की सगळं ठीक आहे, आप्पा मजेत, कोंबड्याही मजेत, तिन्ही. फोन ठेवून वळली तर आप्पा दारात उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. ते जरा ओशाळल्यासारखे हसले. आपल्यामुळे पोरीला खोटं बोलावं लागतं, असा तो चेहरा होता.

शनिवारी सकाळी ती मागे गेली तर आप्पा खुराड्यापाशी उभे राहून आकडा लावत होते, काढत होते, पुन्हा लावत होते. दारावर त्यांनी पुठ्ठ्याचा तुकडा बांधला होता, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: आकडा. तिला पाहून ते बाजूला झाले. "राहिला असेल माझ्याकडून," म्हणाले. "तसंच झालं असणार. दुसरं कोण आहे?" तिला हलकं वाटलं. अंगावरून ओझं उतरावं तसं, अगदी खांद्यांपासून. आणि पाठोपाठ भीती वाटली, कारण बापाने हार मानल्यावर हलकं वाटावं असं यात काय होतं ते तिला सांगता आलं नसतं. "तुझ्या खोलीत वास येतोय," आप्पा जाता जाता म्हणाले. तिला वास येत नव्हता. ही चौथी, तिने धरलं.

दुपारपर्यंत वास तिलाही आला. खिडकीवाली खोक्याच्या कोपऱ्यात मान आत ओढून बसली होती, डोळे अर्धे मिटलेले, पाणी जिथल्या तिथे. पिसं बाजूला केली तर खालचं कातडं हिरवट, तट्ट फुगलेलं आणि गरम होतं. टाका मात्र एकही हललेला नव्हता. तिने खोकं उचललं आणि चार रस्ते पलीकडच्या जनावरांच्या दवाखान्यात गेली. आप्पा झोपले होते. त्यांना उठवून सांगावं असं तिच्या मनात आलं नाही.

डॉक्टरीणबाई जाड चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी कोंबडी कुशीवर घेतली, दिवा ओढला आणि बघतच राहिल्या. "हे शिवलं कोणी?"

"मी. रफूचं काम करते मी."

"ते दिसतंय. इतकी सुबक शिवण मला जन्मात जमायची नाही." आणि त्यांनी कात्री घेऊन एकामागून एक अकराही टाके कापले. जे बाहेर आलं ते बघताना तिने टेबलाची कड धरली. "चावलेलं शिवायचं नसतं, बाई. दाताबरोबर घाण खोल आत जाते. वरून बंद केलं की आतल्या आत सडतं. उघडं ठेवायचं, दिवसातून दोनदा धुवायचं, तळापासून भरत वर येऊ द्यायचं. कोणी सांगितलं नाही तुम्हाला?"

सांगितलं होतं. डॉक्टरीणबाई पिचकारीने आत पाणी मारत होत्या, बोलत होत्या. कुत्र्याचंच काम, सुळ्यांतलं अंतर बघा. हे तांबडं औषध पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतकंच घालायचं. इतर कोंबड्यांत सोडू नका, रक्त दिसलं की त्याच टोचून मारतील. वाचेल, बहुतेक. मग हात धुता धुता, सहज: "खुराड्याचं दार उघडं कसं राहिलं?"

"वडिलांकडून. त्यांना हल्ली आठवत नाही."

इतकं सोपं होतं ते. धाकट्याला महिनाभर जे म्हटलं नव्हतं ते एका परक्या बाईला तिने पाणी मागावं तसं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि त्या औषध बांधायला आत गेल्या. ती बाहेरच्या बाकावर बसली, मांडीवर खोकं. समोरच्या भिंतीवर दातांच्या आरोग्याचं एक चित्र होतं, त्यात एक कुत्रा मनमोकळा हसत होता. आणि तिथे, काहीच कारण नसताना, तिला बुधवारची संध्याकाळ ऐकू आली. दार सोड म्हटलं ना. मग आकडा पडल्याचा आवाज. मग टक टक. तिने ऐकली होती. ऐकली होती हे नक्की, कारण ती ऐकूनच ती उठली होती. दुधाच्या प्रकारापासून ती रोज तशीच उठायची. आप्पा पाय धुवायला न्हाणीत शिरले की मागे जायचं आणि त्यांनी आकडा नीट लावलाय का ते बघायचं. त्या वेळी अंधुक असायचं, नुसतं बघून कळायचं नाही; म्हणून आकडा उचलायचा आणि पुन्हा पाडायचा, की आवाजावरून खात्री व्हायची. बुधवारीही तिने तो उचलला. बोटांना गंजाचा खडबडीत स्पर्श झाला. आणि पुढच्या दारातून ड्रायक्लीनवाल्याच्या माणसाने हाक मारली, ताई, कोट झाला का, गिऱ्हाईक दुकानात येऊन बसलंय. ती गेली. कोट दिला, बाहीवरचं काम उजेडात धरून दाखवलं, आणखी एक विजार घेतली. त्यानंतर आकडा पडल्याचा आवाज तिने पुष्कळ शोधला. तो कुठेच नव्हता. म्हणजे आप्पांनी दार लावलं होतं, आणि ते लावत नाहीत या संशयाने तिने ते उघडलं होतं.

तरी तिने स्वतःवरही सहजासहजी विश्वास ठेवला नाही. त्याच कापडातून धागा काढून भोक भरायचं तिला कोणी शिकवायला नको होतं. बापाला वाचवायला मनाने एक संध्याकाळ विणून दिली असली तर? घरी परतताना ती ड्रायक्लीनच्या दुकानात शिरली आणि त्या माणसाला विचारलं, तू बुधवारी कधी आला होतास. "दिवे लागायच्या वेळी," तो म्हणाला. "तुम्ही मागून आलात. बोटांना गंज होता, मी म्हटलं कोटाला लागेल, तर तुम्ही पदराला हात पुसलेत." संपलं. कडा जुळत होत्या.

घरी आप्पा दारातच उभे होते. खोक्यातली मान हलताना बघून त्यांनी इतका सुटकेचा श्वास टाकला की आत्ता नको, असं तिला वाटलं. उद्या धाकट्यासमोर सांगू, म्हणजे एकदाच काय ते. त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी दोघांनी मिळून जखम धुतली. उघडी जखम बघायला भयंकर होती, पण वास गेला होता, आणि रविवारी सकाळी खिडकीवालीने आप्पांच्या तळहातावरचे चार दाणे टिपले.

धाकटा दहा वाजता आला, तेव्हा धुणंच चाललं होतं. आप्पांच्या मांडीवर टॉवेल, टॉवेलात कोंबडी, तिच्या हातात पिचकारी. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. धाकट्याने पायातले बूट न काढता वाकून पाहिलं. "हे काय झालं?"

"कुत्रं आलं होतं," आप्पा म्हणाले. "माझ्याकडून दार उघडं राहिलं."

"नाही," ती म्हणाली. "आप्पांनी लावलं होतं. मी उघडलं." आणि तिने सगळं सांगितलं. रोजचं तपासणं सांगितलं, आकडा उचलल्याचं सांगितलं, कोटवाल्याची हाक सांगितली. सांगताना तिचा चेहरा तापला. दोन महिने आपण बापाच्या मागे मागे जाऊन त्याचं दार बघत होतो, हे त्याच्या तोंडावर सांगणं सोपं नव्हतं.

धाकट्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तो खुर्ची ओढून बसला. "ताई, दुधाचं पातेलं कपाटात तूच ठेवलंस म्हणाली होतीस. आठवतं? आप्पा मला म्हणाले, मी ठेवलं, आणि तू म्हणालीस, नाही, मी. परवा फोनवर तीन कोंबड्या मजेत होत्या."

"ते वेगळं होतं. हवं तर दुकानातल्या माणसाला विचार."

"त्याला काय विचारू? तू कोट दिलास का?" त्याचा आवाज चढला नव्हता. तो दमलेला होता आणि त्याला तिची दया येत होती. "किती दिवस पांघरूण घालणार आहेस?"

ती आप्पांकडे वळली. "आप्पा, तुम्ही लावला होता. डबल बेल दिलीत. मी ऐकली. मीच उघडलं हो." आप्पा तिच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, संशय नव्हता, पाणी होतं. तिने त्यांना असं बघताना फार लहानपणी पाहिलं असेल, तिला ताप आला होता तेव्हा. त्यांचा तिच्यावर विश्वास बसलेला नव्हता. ही पोर आपल्यासाठी धाकट्या भावासमोर स्वतःला चोर ठरवून घेतेय, असं त्यांनी धरलं होतं आणि त्यांचा ऊर भरून आला होता. तिने तिसऱ्यांदा सांगितलं, शब्द बदलून, आणखी बारकावे घालून, आणि सांगता सांगता तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. दुधाच्या वेळचा तोच आवाज, तोच ठामपणा, अगदी तसाच सफाईदार. त्या आवाजावर तिचाही विश्वास बसला नसता. ती मध्येच थांबली. आणि थांबल्यावर आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं, खांद्यांपासून, शनिवारसारखंच. आपलं हवं तेवढं सांगून झालं, आता कुणी ऐकत नसेल तर आपला काय दोष, असं म्हणणारं ते जे कोणी होतं, त्याला तिने या वेळी ओळखलं.

"पुरे, बाळा," आप्पा म्हणाले. "माझ्यासाठी एवढं कुणी केलं नव्हतं." त्यांनी मोकळ्या हाताने तिच्या मनगटावर थोपटलं. तिला ओरडून सांगायचं होतं की हे थोपटू नका, ते माझ्या वाट्याचं नाही. पिचकारीतलं पाणी नुसतं टपटपत राहिलं. मग आप्पांनी धाकट्याकडे मान वळवली. "सामान किती चालतं तिथे?"

"लागेल तेवढं घ्या, आप्पा."

"एक पिशवी होईल," ते म्हणाले, आणि तिच्या हाताखालून कोंबडी अलगद आपल्याकडे ओढून घेऊन टॉवेलाचं कोरडं टोक शोधू लागले.